कोलेस्टेरॉल : गोळी, पथ्य आणि पायपीट



आजचा विषय खरं म्हणजे डॉक्टरांचा. मी डॉक्टर नव्हे. तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणारा मी एक प्राध्यापक. मागणी-पुरवठ्याच्या रेषा फळ्यावर काढाव्यात आणि मुलांनी त्या वहीत उतरवून घ्याव्यात, एवढाच माझा अधिकार. तरीही या विषयावर बोलायचं मी कबूल केलं, त्याला कारण माझ्या हातून घडलेली एक चूक आहे. ती आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात सर्व नोकरवर्गाची आरोग्यतपासणी झाली. चार दिवसांनी कागद हाती आला. त्यात ‘एलडीएल’ अशा रकान्यासमोर १६२ हा आकडा, आणि त्याच्या शेजारी वर तोंड केलेला एक ठळक बाण. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा. बिडीकाडीचं व्यसन नाही, रक्तदाब ठीक, साखर ठीक. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. घरात कुणाला ऐन उमेदीत हृदयविकार झाला होता का, असं विचारलं. तसं कुणाला झाल्याचं मला ठाऊक नव्हतं. तेव्हा ते म्हणाले, “गोळीची घाई नको. तीन महिने खाणं बदला, रोज चाला, आणि पुन्हा रक्त तपासू.”

मी बदललो. चहाबरोबरची खारी सुटली, स्टँडवरची भजी सुटली, रोज पहाटे कालव्याच्या कडेने पाऊण तास चालू लागलो. तीन महिन्यांनी आकडा १३८ झाला. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! परीक्षेत पहिला आलो होतो तेव्हाही एवढा झाला नसेल.

एवढ्यावर गप्प बसलो असतो तर ठीक होतं. पण यात्रेला गावी गेलो, रात्री ओट्यावर दहापाच माणसं जमली, आणि मी ही कथा रंगवून सांगितली. उचलली जीभ, लावली टाळ्याला. “गोळ्याबिळ्या काही लागत नाहीत हो! भाकरी, उसळ आणि चार मैल पायपीट, झालं काम.” ऐकणाऱ्यांत आमचे थोरले चुलत बंधू होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. आदल्याच वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता आणि एका रक्तवाहिनीत स्टेंट घातला होता. अण्णांनी नुसती मान डोलावली. मी ते माझ्या वक्तृत्वाचं कौतुक समजलो.

चार महिन्यांनी वहिनींचा फोन आला. “भाऊजी, तुम्ही सांगितलंत म्हणून यांनी ती रात्रीची गोळी बंद केली. म्हणतात, शिकलेला भाऊ आहे माझा, उगाच बोलायचा नाही. रोज चालतात, पथ्य करतात, पण मला आपली धाकधूक वाटते. तुम्हीच एकदा सांगा त्यांना.”

त्याच आठवड्यात मी अण्णांना घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. गोळी चालू असताना ६६ असलेला त्यांचा एलडीएल १३९ झाला होता. चार महिने पथ्य आणि चालणं काटेकोर पाळूनसुद्धा! डॉक्टर माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाले, “यांच्यासाठी ६६ देखील थोडा जास्तच होता.” अण्णा सुखरूप आहेत, पण ते दैवाने. माझ्या शहाणपणाने नव्हे.

तेव्हापासून हा विषय मी जमेल तसा वाचत आलो, जाणकारांना विचारत आलो. आणि शिक्षकबंधुभगिनींनो, आपल्याला मुद्दाम सांगावंसं वाटतं ते अशासाठी, की खेड्यात रक्ताचा कागद वाचून घ्यायला लोक आपल्याकडेच येतात. डॉक्टर दहा मिनिटं भेटतो, मास्तर रोज भेटतो. म्हणून मास्तरांच्या शब्दाचं ओझं जास्त.

आता हे कोलेस्टेरॉल म्हणजे काय? मेणासारखा एक पदार्थ. तो विष नव्हे. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आवरणाला तो लागतो, पित्तरस त्याच्यापासून होतो, काही संप्रेरकंही होतात. त्याचा मोठा भाग आपण खात नाही, आपलं शरीर स्वतःच तयार करतं, आणि त्यात यकृताचा वाटा मोठा. तेल पाण्यात विरघळत नाही तसा तो रक्तात विरघळत नाही. म्हणून शरीर त्याची गाठोडी बांधून ती रक्तातून पाठवतं. एलडीएल ही अशीच गाठोडी. ती प्रमाणाबाहेर झाली की रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतात, तिथं साचतात, सूज येते, थर चढतो. पाटाच्या पाण्यातला गाळ जसा एका दिवसात दिसत नाही, तसंच हे. वीस वर्षं, तीस वर्षं चालतं. मग एखाद्या दिवशी त्या थराला चीर पडते, तिथं रक्ताची गुठळी होते, आणि हृदयाला जाणारा प्रवाह अडतो.

जादा गाठोडी रक्तातून परत ओढून घेण्याचं कामही यकृतच करतं. त्यासाठी त्याच्या पेशींवर जणू हातच असतात. ही व्यवस्था अमेरिकेतल्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन या दोघांनी उलगडली. १९८५ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालं. काही कुटुंबांत जन्मापासूनच हे हात कमी असतात. अशा माणसाने कितीही पथ्य केलं तरी आकडा उतरत नाही. माणूस काटकुळा, शाकाहारी, दिवसभर शेतात राबणारा, आणि एलडीएल १९० च्या वर, असा कागद दिसला तर ‘हा चुकीचा असेल’ म्हणून तो फेकून देऊ नये. त्याला डॉक्टर बहुधा सरळ गोळीच देतील, आणि त्याच्या भावंडांचं व मुलांचंही रक्त तपासायला सांगतील.

गोळीचं नाव निघालंच आहे, तर तिची जन्मकथा सांगतो. गावोगाव एक वाक्य ऐकू येतं, “ती गोळी म्हणजे केमिकल, भाकरी नैसर्गिक.” स्टॅटिन वर्गातलं पहिलं औषध सापडलं ते धान्यावरच्या बुरशीत. जपानच्या उत्तर भागातल्या एका शेतकरी कुटुंबात जन्मलेले अकिरा एन्डो हे शास्त्रज्ञ. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगच्या चरित्राने भारावलेले. बुरशीत एखादा पदार्थ असा असेल, की जो कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या कामात खीळ घालील, अशी त्यांची अटकळ. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दोनएक वर्षांत सुमारे सहा हजार बुरशी तपासल्या. १९७३ साली हवी ती सापडली. क्योटोच्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरची निळसर हिरवी बुरशी. ते औषध स्वतः बाजारात आलं नाही, पण त्याच जातीचं दुसरं १९८७ साली अमेरिकेत विक्रीला आलं. एन्डो २०२४ साली नव्वदाव्या वर्षी वारले. तेव्हा नैसर्गिक की केमिकल हा वाद इथं लावण्यात अर्थ नाही. आपल्या अंगणातला धोतराही नैसर्गिकच आहे!

ही गोळी यकृतातल्या कारखान्याचा वेग कमी करते. यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडलं की ते जास्त हात बाहेर काढतं आणि रक्तातली गाठोडी ओढून घेतं. औषध कोणतं आणि मात्रा किती यावर अवलंबून एलडीएल तीस टक्क्यांपासून पन्नास टक्क्यांपर्यंत उतरतो. गोळी बंद केली की काही आठवड्यांत पुन्हा पहिल्या ठिकाणी. अण्णांचं नेमकं हेच झालं. आकडा चांगला आला म्हणून गोळी सोडायची, म्हणजे घर गळत नाही म्हणून छपराचे पत्रे उतरवण्यासारखं आहे.

आता मूळ प्रश्न. पथ्याने किती काम होतं आणि गोळीने किती? यावर कॅनडातल्या टोरांटो शहरात डेव्हिड जेन्किन्स यांनी केलेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. २००३ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. कोलेस्टेरॉल जास्त असलेली ४६ माणसं घेतली आणि त्यांचे तीन गट केले. एका गटाला चरबी कमी असलेला साधा आहार. दुसऱ्याला तोच आहार आणि वर स्टॅटिनची गोळी. तिसऱ्याला खास निवडलेला आहार. त्यात काय होतं? ओट, जव, इसबगोल, सोयाबीन, बदाम, वनस्पतीतला स्टेरॉल घातलेलं एक प्रकारचं लोणी, आणि ऐकून नवल वाटेल, भेंडी आणि वांगी! महिन्याभराने पहिल्या गटाचा एलडीएल आठ टक्के उतरला, गोळीवाल्यांचा एकतीस टक्के, आणि भेंडी-वांगीवाल्यांचा एकोणतीस टक्के. म्हणजे जवळजवळ बरोबरी.

इथंच थांबलं तर मी यात्रेत केलेलं भाषण खरं ठरेल. पण त्याच जेन्किन्स यांनी पुढे ३५१ माणसांवर सहा महिन्यांचा दुसरा प्रयोग केला. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. या वेळी अन्न पुरवलं नाही, नुसता सल्ला दिला. बाजारहाट ज्याचा त्याने करायचा, स्वयंपाक ज्याच्या त्याच्या घरी. तेव्हा उतार पडला तेरा-चौदा टक्के. एकोणतीस होते ते तेरा-चौदा झाले. मधले कुठं गेले? ते गेले लग्नाच्या पंगतीत, सणावारात, आळसात, आणि ‘एक दिवस खाल्लं तर काय होतंय’ या वाक्यात. माझे १६२ चे १३८ झाले, म्हणजे हिशेबाने पंधरा टक्के. मी काही विक्रम केला नव्हता. मनापासून पथ्य करणाऱ्या माणसाला साधारण जेवढं मिळतं, तेवढंच मला मिळालं.

म्हणजे पथ्य फुकट म्हणायचं का? मुळीच नाही. फ्रान्समधल्या लियों शहरी पहिला झटका येऊन गेलेल्या ६०५ माणसांवर एक प्रयोग झाला. त्याचा पहिला वृत्तान्त १९९४ चा. ज्यांनी भाज्या, फळं, कडधान्यं, चांगलं तेल असा भूमध्यसागराकाठचा आहार घेतला, त्यांना पुन्हा झटका येण्याचं प्रमाण पुष्कळ कमी झालं. आणि गंमत अशी, की दोन्ही गटांचं कोलेस्टेरॉल जवळपास सारखंच होतं! आकडा हलला नाही, पण माणूस वाचला. चांगल्या खाण्याचं सगळं काम त्या एका रकान्यात उमटत नाही, एवढं यातून ध्यानात ठेवावं.

चालण्याचंही तसंच. आकड्यांपुरतं बोलायचं तर व्यायामाने एलडीएल थोडाच उतरतो. पण रक्तातली दुसरी चरबी, ट्रायग्लिसराइड, ती उतरते; रक्तदाब उतरतो, साखर ताब्यात येते, पोट आत जातं. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर नोकरी करणाऱ्यांचा अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टर दिवसभर जिना चढतोय, उतरतोय. पगार, वस्ती, खाणंपिणं सारखंच म्हणा ना. पण हृदयविकार कंडक्टरांत कमी. पुढे मॉरिस यांनीच या नोकरांच्या गणवेशांची मापं पाहिली, तेव्हा ड्रायव्हरांच्या पँटीची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. स्वतःच्याच निष्कर्षावर असा संशय घेणारा माणूस मला मोठा वाटतो. आमच्या एसटीतल्या कंडक्टराला जिना नाही, पण भरल्या गाडीत पुढून मागे जाणं हाही व्यायाम कमी नव्हे!

कुणी म्हणेल, “शेतकऱ्याला व्यायामाचं काय सांगता?” पंचवीस वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं. आता पाहा. मळ्यात जायला मोटारसायकल, नांगरटीला ट्रॅक्टर. शाळेला जाणारी मास्तर मंडळीही दारातून गाडीवर बसून शाळेच्या दारात उतरतात. पाय बसले, पण ताट तेवढंच राहिलं. शिवाय बाजारची फरसाण-बिस्किटं गावातल्या टपरीपर्यंत आली. आठवड्यातून दीडशे मिनिटं दम लागेल असं चालावं, असं आज सांगतात. दिवसाला पंचवीस मिनिटंसुद्धा होत नाहीत हो ते.

“मी तर सडपातळ आहे,” हाही भ्रम आहे. मीही त्यातलाच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपलं आणि युडकिन या इंग्रज डॉक्टरमित्राचं शेजारी शेजारी उभं राहिलेलं छायाचित्र २००४ साली एका वैद्यकीय नियतकालिकात छापलं. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा अगदी एक, २२.३. पण अंगातली चरबी इंग्रजाची ९.१ टक्के, आणि आमच्या याज्ञिकांची २१.२ टक्के! हातपाय काडीसारखे आणि पोटात चरबी दडलेली, ही आपल्याकडची ठेवण. हृदयविकार आपल्याकडे तुलनेने लवकरच्या वयात येतो, त्याच्या कारणांत ही ठेवणही धरतात. तेव्हा वजनकाट्यावर भिस्त ठेवू नये. कमरेला फीत लावून पाहावी.

आता मी जरा माझ्या धंद्यावर येतो. कारण माझी चूक खरी कुठं झाली ते अर्थशास्त्रातल्याच एका गोष्टीने मला कळलं. एलडीएल सुमारे चाळीसने उतरवला की हृदयविकार आणि पक्षाघात यांचं प्रमाण एक पंचमांशाने कमी होतं, असं मोठमोठ्या प्रयोगांचा एकत्र हिशेब करून निघालं आहे. एक पंचमांश म्हणजे शेकडा वीस. पण वीस टक्के कशाचे? शेतकरी बंधूंना हे सांगायला नको. फवारणीने शंभरातली वीस टक्के कीड कमी होते असं धरा. ज्या शेतात शंभरांतली तीस झाडं जायची, तिथं सहा वाचली. ज्या शेतात पाचच जायची, तिथं एक. औषध तेच, खर्च तोच, मेहनत तीच. वाचलेलं पीक मात्र निराळं.

अण्णांचं शेत पहिल्या प्रकारचं. एकदा झटका येऊन गेला की पुन्हा येण्याची भीती मोठी. अशा माणसांवरचा गाजलेला प्रयोग डेन्मार्क, फिनलंड, आइसलंड, नॉर्वे आणि स्वीडन या देशांत झाला आणि १९९४ साली प्रसिद्ध झाला. ४४४४ हृदयरोगी, निम्म्यांना स्टॅटिन, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पोकळ गोळी. पाच-साडेपाच वर्षांत पोकळ गोळीच्या गटात २५६ माणसं दगावली, औषधाच्या गटात १८२. चौऱ्याहत्तर माणसांचा फरक. चौऱ्याहत्तर घरं! त्या रात्री ओट्यावर मला ही गोष्ट ठाऊक असती तर माझी जीभ जरा अडखळली असती.

माझं शेत दुसऱ्या प्रकारचं होतं. म्हणून डॉक्टर मला ‘थांबा’ म्हणाले. तो सल्ला माझ्यापुरता होता. मी तो दवंडी पिटावी तसा सगळ्यांना वाटला.

तेव्हा गोळी श्रेष्ठ की पथ्य, असा कुस्तीचा फड मांडण्यात काही हशील नाही. विचारायचं ते हे, की कोणाच्या बाबतीत? झटका येऊन गेलेला, स्टेंट किंवा बायपास झालेला, पक्षाघात होऊन गेलेला माणूस असेल, तर गोळीही आणि पथ्यही. तिथं ‘किंवा’ नाही. चाळिशी ओलांडलेला मधुमेही असेल तर एलडीएल फार वाढलेला नसला तरी डॉक्टर बहुधा गोळी देतात, आणि त्यात त्यांचा दुकानदाराशी काही संगनमत असतं असं समजू नये. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया या आपल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२४ साली जे धोरण सांगितलं त्यात सर्वसाधारण माणसाचा एलडीएल १०० च्या खाली, मधुमेह किंवा रक्तदाबासारखा जादा धोका असलेल्याचा ७० च्या खाली आणि झटका येऊन गेलेल्याचा ५५ च्या खाली असावा असं आहे. कागदावर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा सगळ्यांना एकच असते. ती पाहून ‘ठीक आहे’ म्हणायचं, म्हणजे पहिलीच्या आणि दहावीच्या मुलाला एकच प्रश्नपत्रिका द्यायची.

आणि तंबाखू! ती डबी खिशात ठेवून कोलेस्टेरॉलची चर्चा करणारी माणसं मी रोज पाहतो. बिडी ओढणाऱ्याने भाकरी-पोळीचा काथ्याकूट करण्याआधी ती बिडी टाकावी. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी कशाला?

गोळीच्या त्रासाबद्दल पुष्कळ बोललं जातं. काहींचे स्नायू दुखतात हे खरं. साखर काठावर असेल तर मधुमेह होण्याची शक्यता थोडी वाढते, हेही खरं. क्वचित कुणाला यकृताचा किंवा स्नायूंचा गंभीर त्रास होतो. अंग फार दुखू लागलं आणि लघवी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर बाईने डॉक्टरांना आधी सांगावं. पण लंडनचा एक प्रयोग ऐका. २०२० साली प्रसिद्ध झालेला. त्रास होतो म्हणून गोळी सोडलेली साठ माणसं. त्यांना वर्षभर काही महिने खरी गोळी, काही महिने पोकळ गोळी, काही महिने काहीच नाही, असं उलटसुलट दिलं. कोणती गोळी खरी ते त्यांना ठाऊक नाही. रोज त्रास नोंदवायचा. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला, त्यातला जवळजवळ नव्वद टक्के पोकळ गोळीच्या महिन्यांतही झाला! ही माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांना खरोखर दुखत होतं. दुखवणारी भीती होती. हे कळल्यावर निम्म्या माणसांनी गोळी पुन्हा सुरू केली. म्हणून त्रास वाटला तर सांगावं, मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. गुपचूप सोडू मात्र नये, जसे अण्णा सोडून बसले.

किमतीची अडचण असेल तर डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून मागावं. जनऔषधी केंद्रात ते पुष्कळ स्वस्त मिळतं.

खाण्याबद्दल दोन शब्द, कारण आपल्या चुलीवर हे सगळं जमण्यासारखं आहे. टोरांटोची ओट-बदामाची यादी घेऊन आपण बाजारात जाण्याचं कारण नाही. मटकी, चवळी, हुलगा, राजमा, हरभरा यांत तोच विद्राव्य तंतू आहे, जो आतड्यात पित्तरस धरून ठेवतो आणि यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरायला लावतो. रोज वाटीभर उसळ, ज्वारी-बाजरीची भाकरी, भेंडी, वांगं, दोडका, मूठभर शेंगदाणे. तेल शेंगदाण्याचं, करडईचं चालेल, पण मोजून. कॅनवर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असं मोठ्या अक्षरात छापतात त्याला भुलू नये. कुठल्याही वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नगण्यच असतं. उद्या दुधावर ‘हाडांविरहित’ असं छापतील! तूप चमच्याने घ्यावं, पळीने नव्हे. वाईट ते वनस्पती तूप, त्यातली खारी आणि बटर, आणि पुन्हापुन्हा उकळलेलं तळणीचं तेल. जानेवारी २०२२ पासून सरकारने तेला-तुपातल्या घातक ट्रान्स चरबीवर दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे, पण टपरीवरच्या काळ्या कढईत कोण मोजतं? लसूण फोडणीत अवश्य घालावा. गोळीच्या जागी मात्र घालू नये.

आणि पथ्य एकट्याचं करू नये. अण्णांकडे वहिनी दोन भाज्या करायच्या. एक यांची, एक मुलांची. साठीच्या बाईने दोनदा चूल का मांडायची? शिवाय तिचं रक्त कुणी तपासलंय? मी विचारलं तेव्हा वहिनी हसल्या, म्हणाल्या, “मला काय होतंय!” तपासलं तर त्यांची साखर वाढलेली निघाली. आता त्या घरात एकच भाजी होते.

अण्णांची गोळी पुन्हा सुरू आहे, आणि चालणंही. मात्रा वाढवल्यावर आकडा ५८ वर आला आहे. माझी गोष्ट मात्र अर्धवट राहिली आहे. पहिल्या वर्षीचा उत्साह ओसरला, परीक्षांचे दिवस आले, पहाटेचं चालणं आठवड्यातून तीन दिवसांवर आलं. गेल्या खेपेला माझा आकडा १४९ निघाला आणि रक्तदाबही काठावर. डॉक्टर म्हणाले, “वयही पुढे सरकतंय. आता लहान मात्रेचा विचार करू या.” मी सहा महिने मागून घेतले. का, तर सगळ्या गावाला पथ्याचं व्याख्यान देणाऱ्या माणसाला गोळी घ्यायची लाज वाटते! दुसरं कारण मला शोधूनही सापडलं नाही.

परवा अण्णा म्हणाले, “मी तुझ्या शब्दावर गोळी सोडली. तू माझ्या शब्दावर घेशील का?”

मी म्हटलं, “कागद आल्यावर सांगतो, अण्णा.”

कागद येत्या पंधरवड्यात यायचा आहे. कालव्याच्या कडेचं चालणं सध्या रोज चालू आहे.